केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

रात्री दीडच्या सुमाराला आजोबांना आणलं तेव्हा कुणीतरी घरचाच एक टॉवेल घडी करून त्यांच्या कपाळावर दाबून धरला होता. सोबत शेजारचा मुलगा होता, तोही झोपेतून उठून तसाच आलेला. त्याला आजोबांचं आडनाव आणि ते बाथरूममध्ये पडले एवढंच माहीत. घरची माणसं मागून येत होती. मी टॉवेल उचलून जखम पाहिली. तीन-चार टाक्यांची असावी. मग नेहमीचं सुरू झालं: दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला चिमटा, उजव्या हाताला कॅन्युला, आणि हे सगळं करता करता प्रश्न. कॅज्युअल्टीत आम्ही असंच विचारतो. हात एक काम करत असतात, डोळे मॉनिटरवर असतात आणि तोंड चालू असतं. "नाव काय, आजोबा?" त्यांनी नाव नीट सांगितलं. "कुठे कुठे लागलंय?" ते म्हणाले, "एक्क्याऐंशी." मी मान वर केली. "आज वार कोणता?" "बाथरूममध्ये," ते म्हणाले, "पाय सटकला."

मधूनमधून त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे जात होता. त्याच हाताला सुई होती, म्हणून मी तो दोनदा खाली ठेवला. "हात हलवू नका, आजोबा, सुई निघेल." तिसऱ्यांदा गेला तेव्हा मी त्यावर माझा तळवा ठेवून तो गादीवर दाबून धरला. आजारी माणूस पांघरूण ओढतो, हवेत बोटं फिरवतो, कपडे चाचपतो, हे गोंधळाचं लक्षण असतं असं आम्हाला शिकवलेलं आहे. ते डोक्यात पक्कं बसलेलं. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" मी विचारलं. त्यांनी माझ्या मास्कच्या वर, डोळ्यांकडे पाहिलं, हसले आणि मान नकारार्थी हलवली. मी लिहिलं, ‘नाही’. आणि त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं, ‘गोंधळलेले?’

ते प्रश्नचिन्ह मी प्रामाणिकपणे काढलं होतं. खात्री नाही, डॉक्टरांनी बघावं, एवढाच त्याचा अर्थ. पण केसपेपर माझ्या हातातून पुढे गेला की माझा अर्थ त्याच्यासोबत जात नाही. डॉक्टर आले, कागदावर नजर टाकली आणि सरळ त्या शेजारच्या मुलाकडे वळले. "नेहमी असेच असतात का?" पोरगं बावचळलं. टाके घालायला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी आजोबांशी एक शब्दही न बोलता त्यांचं डोकं हळूच बाजूला वळवलं. त्यांनी हळूच वळवलं, हेही मला आठवतं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त त्या एका शब्दानंतर आजोबांना कुणी काही विचारेनासं झालं.

अर्ध्या तासाने सून धावत आली. तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कानाकडे पाहिलं, आणि थेट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. रुमालाची एक गाठोडी निघाली. आत कानाचं मशीन. पडताना निसटलं होतं, ते त्यांनी फरशीवरून उचलून, रक्ताळलेल्या हाताने रुमालात बांधून जपून ठेवलं होतं. तिने नळी पुसली, मशीन कानामागे बसवलं, बारीक शीळ वाजली, थांबली. आजोबांनी डोळे मिटून घेतले, उघडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हां. आता विचारा."

मी सगळं पहिल्यापासून विचारलं. वार बरोबर होता. तारीखही. कुठे लागलं ते सांगितलं: कपाळ, डावं कोपर, आणि कमरेला मुका मार. गोळी? "आहे की. ठोके नीट पडत नाहीत म्हणून. रोज रात्री एक. आजची घेतली."

डोक्याला मार लागलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. आत रक्तस्राव झाला तर तो थांबायला वेळ लागतो. सुरुवातीला माणूस बोलतो, चालतो, आणि काही तासांनी बिघडतो. मी डॉक्टरांना सांगितलं, स्कॅन लगेच झाला, सुदैवाने आत काही नव्हतं. वय बघता स्कॅन तसाही झाला असता म्हणा. पण किती वाजता झाला असता, कुणाच्या नंतर, याचा विचार मी त्या रात्रीपासून करते आहे. त्याहून जास्त विचार करते तो त्या हाताचा. माणूस मला सांगत होता, त्याच्याकडे होत्या त्या एकमेव भाषेत, आणि मी तो हात दाबून धरला होता. जिथे त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तिथे मी ठेवला नाही, आणि जिथे ठेवायला नको होता तिथे, त्या नुसत्या मान हलवण्यावर, शाईने शिक्का मारला.

त्यांची उत्तरं मी नंतर मनात पुन्हा लावून पाहिली. एकही वेडंवाकडं नव्हतं. जन्मभर दवाखान्यात नावानंतर वयच विचारतात, म्हणून त्यांनी वय सांगितलं. वयानंतर काय झालं ते विचारतात, म्हणून पाय सटकला असं सांगितलं. प्रश्न ऐकू येत नसताना पुढचा प्रश्न कोणता असेल याचा अंदाज बांधून, क्रम लक्षात ठेवून, डोक्यातून रक्त येत असताना ते उत्तरं देत होते. ज्याला मी गोंधळ म्हणाले त्याला केवढी शुद्ध लागते!

माझी आजी म्हणायची, "मला ऐकू येतं गं, कळत नाही." लहानपणी मला वाटायचं, ऐकू येतं तर कळत कसं नाही? पुढे शिकताना त्याचा उलगडा झाला. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिच्यात १५,०००च्या आसपास केशपेशी. एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, खूप आत जाड, खर्जातले. वयाबरोबर तोंडाशी बसलेल्या आधी झिजतात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि ते बरेचसे खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते पोचतात. स, श, फ, थ, च, ख ही नुसती फुंकर, ती विरून जाते. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी ऐकू येते आणि अक्षरच गळून पडतं. ‘साखर’ आणि ‘चक्कर’ जवळजवळ सारखे होतात. "साखर आहे का?" या प्रश्नाला "आता नाही, सकाळी आली होती" असं उत्तर मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि ते लिहून घेणारी मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती तेही. ‘सात’, ‘आठ’, ‘साठ’ यांचंही तेच. दुखणं दहापैकी किती म्हणून विचारायचं आणि ऐकलेल्या आकड्यावर इंजेक्शन ठरवायचं, तेव्हा हे फार जवळून भिडतं.

त्यात आमची जागा. मोठ्या आवाजाची सवय झाली की तो आपल्याला जाणवेनासा होतो. एकदा रिकाम्या ट्रॉलीवर मी स्वतः आडवी झाले, डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. तीन मॉनिटर तीन वेगळ्या सुरांत ओरडत होते. सक्शनचा घरघराट, फोन, चाकांचा खडखडाट, पडद्यापलीकडे कुणाचं तरी कण्हणं, आणि डोक्याशी ऑक्सिजनची सतत सूं. ही सूं सगळ्यात वाईट, कारण ती नेमकी त्या फुंकरीच्या अक्षरांच्या पट्टीत असते आणि रुग्णाच्या कानापासून वीतभर अंतरावर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली रुग्णालयातल्या उपचारांच्या खोल्यांसाठी ३५ डेसिबलच्या आसपासची मर्यादा सुचवली होती. दोन माणसं साधं बोलतात तेच ६० डेसिबलच्या घरात असतं. आडवी असताना आणखी एक कळलं. छताचा दिवा थेट डोळ्यांत येतो आणि वाकून बोलणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर दिसतो. ओठ वाचणं दूरच, माणूस हसतोय की रागावलाय तेही कळत नाही.

ओठांवरून तरी कितीसं कळतं? प, फ, ब, भ, म, पाचही ओठ मिटून. ‘पोट’ आणि ‘बोट’ आरशात म्हणून बघा. पण ज्याला निम्मं ऐकू येतं त्याला ओठ उरलेल्यातलं थोडं भरून देतात, आणि ते थोडं फार मोलाचं असतं. मास्कने तेही गेलं. शिवाय साधा मास्क वरच्या पट्टीतला आवाज तीन-चार डेसिबलने कमी करतो, एन-९५ बाराच्या आसपास. साथीच्या काळात आम्ही डोळ्यांनी हसायला शिकलो, त्याचं कौतुकही झालं. आमच्यासमोर झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दोन वर्षांत काय काय कळलं नसेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. जी माणसं आत आली आणि बाहेर गेली नाहीत, त्यांना शेवटी कुणी काय सांगितलं ते कळलं होतं का?

मग आम्ही ओरडतो. मीसुद्धा ओरडले आहे, पुष्कळदा. ओरडल्यावर काना-मात्रा आणखी मोठ्या होतात, अक्षर तेवढंच पुसट राहतं. जाळं तेच, पाणी जास्त. वर चेहरा ताणला जातो, कपाळाला आठ्या पडतात, आणि समोरच्याला एवढंच कळतं की ही बाई आपल्यावर चिडली आहे. कमजोर झालेल्या कानाला मोठा आवाज टोचतोही. हळू बोललं तर कळत नाही, जरा वाढवलं की सहन होत नाही, ही त्यांची नाटकं नसतात, त्या कानाची घडणच तशी होऊन बसलेली असते. आणि एक गोष्ट मला आता सहनच होत नाही. "आजी, लघवी ताब्यात राहते का?" हा प्रश्न सात खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात. पडदा ओढून घेतलेला असतो. आम्ही पडदा ओढतो आणि ओरडतो. एका आजींनी अशा प्रश्नावर डोळे मिटून घेतले आणि मग कशालाच उत्तर दिलं नाही. तेव्हा त्यांच्याही कागदावर कुणीतरी ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिहिलं असेल.

ऐकू येतं का, असं विचारून उपयोग नसतो. उत्तर ‘हो’च येतं. यात खोटं बोलायची इच्छा नसते. रात्री दोन वाजता, अंगावर अर्धवट कपडे असताना, परक्या मुलीला "पुन्हा सांग, पुन्हा सांग" म्हणत राहणं जीवावर येतं. तिला घाई आहे हे दिसत असतं. तीनदा विचारून झाल्यावर चौथ्यांदा विचारण्यापेक्षा मान हलवणं सोपं. साठीच्या पुढच्या माणसांत चौघांमधल्या एकाहून जास्त जणांना अडचण व्हावी इतपत कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीत दर रात्री अशा किती माना हलत असतील, आणि आम्ही त्या कागदावर उतरवून घेत असू. शुगर नाही, अ‍ॅलर्जी नाही, समजावून सांगितलं, समजलं.

आजीशी बोलायची मला एक सवय होती, सात-आठ वर्षांची असल्यापासूनची. कुणी शिकवली नव्हती. मागून हाक मारली तर तिला कळायचं नाही, म्हणून आधी समोर जायचं. गुडघ्याला हात लावायचा. ती वर बघेपर्यंत थांबायचं. मग बोलायचं, तिच्या उजव्या बाजूने, कारण डावा कान जास्त गेलेला. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणून भागत नसे, दुसऱ्या शब्दांत सांगावं लागे. ‘चष्मा’ कळला नाही तर ‘डोळ्याला लावायचा’. घरात सगळे जमले की मोठी माणसं भराभर बोलायची, एकमेकांच्या बोलण्यावर बोलायची, आणि आजी त्यांच्या तोंडांकडे बघत बसायची. सगळे हसले की ती हसायची, अर्ध्या क्षणाने उशिरा. तो अर्धा क्षण मला दिसायचा. मी तिच्या शेजारी सरकून काय झालं ते सांगायची, मग ती दुसऱ्यांदा हसायची, आणि हे हसणं निराळं असायचं. तिला अखेरच्या दुखण्यात दवाखान्यात नेलं तेव्हा मी परीक्षेला गेले होते. ती फार बडबडत होती, भलतंसलतं बोलत होती, असं मला नंतर सांगितलं गेलं. इतकी वर्षं मी ते तसंच्या तसं मानून चालले होते. आजोबांच्या त्या रात्रीनंतर मला पहिल्यांदा वाटलं, विचारावं. तिचं मशीन तेव्हा कुठे होतं? पण विचारणार कुणाला?

गोंधळ खोटाच असतो असं मला म्हणायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात खरोखरच वात होतो, दिवसरात्र कळेनाशी होते, तो गंभीर प्रकार आहे. पण न ऐकू येणं आणि तो गोंधळ यांचं नातं आम्ही उलटं वाचतो. नुसतं दिसण्यात साम्य आहे असं नाही, एकातून दुसरं तयारही होतं. आजूबाजूला माणसं येतात, अंगाला हात लावतात, सुया टोचतात, ओठ हलवतात आणि जातात, यातलं काहीच कळत नसेल तर धडधाकट माणूसही सैरभैर होईल. अमेरिकेतल्या डॉ. शॅरॉन इनोये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेलं काम १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. त्यांच्या उपायांत नवं औषध नव्हतं. रुग्णाला दिवस-वेळ सांगत राहणं, झोप मोडू न देणं, उठवून चालवणं, पाणी, चष्मा, आणि कान. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना आवाज वाढवणारं छोटं यंत्र द्यायचं, कानातला मळ काढायचा, त्यांच्याशी बोलायची रीत बदलायची. हे सगळं मिळालेल्यांत गोंधळ झाला ९.९ टक्क्यांना, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत १५ टक्क्यांना. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या यादीत ‘मळ’ बघून थबकले. आम्ही मेंदूचा स्कॅन करतो आणि कानात बॅटरी मारून बघत नाही.

आता मी बघते. एका आजींना तीन दिवसांपासून "एकदम ऐकू येईना" झालेलं, घरचे घाबरलेले. दोन्ही कान मळाने गच्च. कानाच्या डॉक्टरांनी तो काढल्यावर आजींनी पहिलं काय केलं असेल? पडद्यापलीकडे दोघी बोलत होत्या, त्यांना म्हणाल्या, "हळू बोला गं."

ड्यूटीवर माझ्या खिशात आता जाड मार्कर असतो आणि कोऱ्या कागदांचं पॅड. मोठ्या अक्षरात एकेक प्रश्न लिहिते, वाचता येत असेल तर. चष्मा घरी राहिला असेल तर तेही फसतं, म्हणून चष्मा आहे का ते आधी बघावं लागतं. काहीच जवळ नसेल तर माझा स्टेथोस्कोप त्यांच्या कानात घालते आणि छातीला लावायच्या तबकडीत हळू आवाजात बोलते. ऐकायला विचित्र वाटेल, पण ही जुनी युक्ती आहे आणि बऱ्याचदा चालते. पहिल्यांदा आवाज पोचतो तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. आणि तो लघवीचा प्रश्न कुजबुजत विचारता येतो. शेवटी ‘कळलं ना?’ ऐवजी मी म्हणते, "मी नीट सांगितलं का ते बघू द्या, गोळी कधी घ्यायची तुम्हीच सांगा." पुष्कळदा उत्तर चुकतं. दर वेळी पोटात गोळा येतो, कारण याआधीच्या सगळ्या वर्षांत मी ‘कळलं ना’वरच माणसं घरी पाठवली.

कानाचं मशीन दिसलं की नाव लिहिलेल्या डबीत ठेवायचं, हेही आता आमच्याकडे सगळ्या जणी करतात. एमआरआयला जाताना ते काढावंच लागतं. ऑक्सिजनच्या मास्कच्या इलॅस्टिकने ते कानावरून उडतं, चादरीत गुंडाळून धुवायला जातं. आमच्या मावशी चादर काढताना आता आधी झटकून बघतात. गेल्या महिन्यात त्यांना उशीच्या खोळीत एक सापडलं, चालू होतं, मुठीत धरल्यावर शीळ घालत होतं. त्या ते ओंजळीत धरून, पिल्लू धरावं तसं, माझ्याकडे घेऊन आल्या.

सगळ्या रात्री असं जमत नाही. तीन अपघात एकदम आले की मी पुन्हा चालता चालता प्रश्न टाकते, पाठमोरी असताना उत्तर मागते. मग मध्येच लक्षात येतं आणि परत फिरते, कधी लक्षात येत नाही. दोन मिनिटं जास्त लागतात हे खरं आहे, आणि ती दोन मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची असतात हेही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

त्या रात्री स्कॅन होऊन आजोबा परत आले तेव्हा पावणेतीन वाजले होते. मी स्टूल ओढून त्यांच्या उजव्या बाजूला बसले, डोक्यावरचा दिवा बंद करून बाजूचा लावला, हाताला हात लावला आणि ते बघेपर्यंत थांबले. "आजोबा, मी तुमचा हात दाबून धरला. तुम्ही मशीन काढत होता, मला कळलं नाही." त्यांनी ऐकून घेतलं. "सुई निघाली असती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही काय बोलत होता ते काही कळेना, पण पोरगी कामाची आहे एवढं कळत होतं." मला वाटतं त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं.

केसपेपरवर लिहिलेलं खोडायचा आमचा नियम आहे. गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. मी ‘नाही’वर रेघ मारली आणि गोळीचं नाव लिहिलं. ‘गोंधळलेले’वर रेघ मारली आणि लिहिलं: पूर्ण शुद्धीवर, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन उजव्या कानात, समोर बसून बोलावे. सही केली, २.५० अशी वेळ घातली. रेघ शब्दापाशीच संपली होती. प्रश्नचिन्ह तेवढं बाहेर राहिलं होतं, म्हणून ती थोडी पुढे ओढली.